नाव वंगणाचं

कागद गिरणीत तिला सगळे डॉक्टरीण म्हणत. होती ती इंजिनीअर, पण काम नाडी बघण्याचंच. चालत्या यंत्राच्या बेअरिंगवर एक लहानशी कांडी टेकवायची, तिच्यातून येणारी थरथर पडद्यावर बघायची आणि कुठलं बेअरिंग अजून तग धरेल, कुठलं जायला टेकलंय, कुठं नुसतं वंगण हवंय आणि कुठं मुळात निवडच चुकलीय, ते सांगायचं. यंत्राचं दुखणं यंत्राच्या आधी हिला कळतं, असं कामगार म्हणत. माणसाचं मात्र हिला काही कळत नाही, असंही तेच म्हणत. ती हसत नसे, कुणाच्या डब्यात हात घालत नसे आणि कामाशिवाय थांबत नसे.

ही नोकरी तिला मामांनी लावून दिली होती. मामा म्हणजे तिच्या आईचा पाठचा भाऊ, गिरणीच्या देखभाल खात्याचा प्रमुख. हाताखालची माणसं त्यांना वस्ताद म्हणायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. बेअरिंग बसवावं तर वस्तादांनीच. तापवून, फुलवून असं अलगद सरकवत की बघणाऱ्याला वाटावं, हे आपल्यालाही जमेल. भाचीसाठी मॅनेजरकडे शब्द त्यांनीच टाकला. भावाने पोरीचं कल्याण केलं, म्हणून आईने कितीतरी दिवस त्यांचं नाव घेतलं.

डॉक्टरणीने नोकरी घेतली ती मात्र मामांना पायाखाली घ्यायला.

ती शाळेत असताना तिचे बाबा याच गिरणीत तेलवाले होते. ओला कागद वाफेने तापलेल्या मोठमोठ्या रुळांवरून फिरत सुकत जातो. त्या रुळांच्या बेअरिंगांना तेल पोचतंय की नाही हे बघणं त्यांचं काम. मामांना गिरणीत आणलं तेही बाबांनीच. मेहुणा रिकामा हिंडतोय, बायको रोज डोळ्यांत पाणी आणते, म्हणून साहेबांच्या हातापाया पडून त्यांनी त्याला चिकटवला. मामा हुशार निघाले, बघता बघता फिटर झाले, मग फोरमन. कानामागून आली आणि तिखट झाली, असं बाबा कौतुकाने म्हणत. तेव्हा कौतुकानेच.

एका पावसाळ्यात एका रुळाचं बेअरिंग नवं बसवलं गेलं. बसवलं मामांनी. पहिल्याच पाळीत बाबांनी त्याच्या बाहेरच्या आवरणाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. ते मामांना म्हणाले, हे आवळून चालतंय. मामा म्हणाले, नवं आहे, रुळेल. दोन दिवसांनी भर दुपारी ते बेअरिंग जाम झालं, रुळाचं टोक तुटलं, वाफेचा सांधा उखडला आणि शेजारी उभ्या असलेल्या मशीनवाल्याचा चेहरा आणि खांदा भाजून निघाला. तो वाचला, पण पुन्हा गिरणीत आला नाही.

चौकशी झाली. बेअरिंग काळंठिक्कर पडलेलं, तेल जळून कोळसा झालेला. जाम झालेलं कुठलंही बेअरिंग असंच दिसतं, पण ते बघणाऱ्याला पटकन एकच सुचतं. साहेबांनी मामांना विचारलं. मामा म्हणाले, तेल पोचलं नसणार. दाजींचं अलीकडे लक्ष नसतं.

बाबा ओरडून सांगत राहिले की तेल चालू होतं, काचेतून मी स्वतः धार बघितली. जितकं ओरडले तितके खोटे ठरले. त्यांना काढून टाकलं. भाजलेल्या माणसाची बायको रस्त्यात त्यांच्या अंगावर थुंकली. पण या सगळ्याहून वाईट घडलं ते घरात. आईने भावाचा शब्द खरा धरला. लहानपणापासून तिने त्याला कडेवर वागवलेलं, तो खोटं बोलेल हे तिच्या मनात शिरेचना. ती एकदाच म्हणाली, "चूक झाली तर झाली म्हणावं माणसाने. दुसऱ्याच्या नावाने खडे कशाला फोडायचे?" त्यानंतर ती नवऱ्याशी भांडली नाही, त्याला टाकूनही बोलली नाही. ताट वाढून ठेवायची आणि आतल्या खोलीत जाऊन बसायची. बाबा बाहेरच्या खोलीत एकटे जेवायचे. ही पद्धत पडली ती पडलीच. पुढे त्यांनी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. गिऱ्हाईकाने पैसे देऊन पाठ फिरवली की ते चाक उगीच फिरवून कान लावून ऐकत बसायचे.

त्या मोडक्या बेअरिंगचं बाहेरचं कडं बाबांनी भंगारातून उचलून आणलं होतं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ते उंबऱ्याशी पडलेलं असायचं. कॉलेजात बेअरिंगांचा धडा आला तेव्हा डॉक्टरणीला कळलं की वाफेच्या रुळाला साधं बेअरिंग चालत नाही. आतलं कडं तापून फुगतं, बाहेरचं तेवढं फुगत नाही, आणि मधल्या गोळ्यांना हलायला जागा उरत नाही. म्हणून तिथे मुळातच जास्त मोकळीक ठेवलेलं बेअरिंग घ्यावं लागतं आणि तशी खूण त्याच्या कडेवर कोरलेली असते. ती सुटीत घरी आली, कडं घासून पुसून उजेडात धरलं. खूण नव्हती. बेअरिंग साधं होतं. गिरणीत योग्य माल आलेला नसणार, साहेबांना मशीन चालू हवं असणार आणि मामांनी हाताशी होतं ते ठोकून दिलं असणार.

तिने कडं आईपुढे धरलं. आईने ते हातातही घेतलं नाही. लोखंडाला काय, कुठलंही असेल, म्हणाली, आणि माझ्या भावाच्या मागे लागू नकोस. तेव्हा तिला कळलं की पुरावा आणून काही व्हायचं नाही. हे मामांच्याच तोंडून निघायला हवं. आणि निघण्याआधी, बाबा जळले तसं त्यांनी एकदा जळायला हवं. न केलेल्या चुकीपायी.

गिरणीत ती मामांशी नीट वागली. चारचौघांत "वस्ताद" म्हणायची, दोघंच असले की "मामा". मामा तिला मन लावून शिकवत. जाड पट्टीपासून पातळ पट्टीपर्यंत एकेक पट्टी गोळ्याखाली सरकवून मोकळीक कशी मोजायची, घट्ट बेअरिंग हाताला कसं कळतं, ग्रीस कमी असण्याइतकंच जास्त असणं कसं वाईट. ती सगळं घेत होती. आपलेच दात, आपलेच ओठ, असं कधी मनात आलंच तर ते ती तिथेच दाबत होती. एवढा हाताचा पक्का माणूस त्या दिवशी नकळत चुकला असेल, ही शक्यताच त्यांनी स्वतः शिकवून मिटवून टाकली.

संधी यायला काही वर्षं गेली. मामांची निवृत्ती जवळ आली. नव्या फिटरांसाठी गिरणी एक कार्यशाळा उघडणार होती, तिथे त्यांना गुरुजी म्हणून बसवायचं ठरलं होतं. त्याच सुमारास मॅनेजरने मोठ्या पंपांच्या मोटरींना वेग कमीजास्त करणारी नवी यंत्रणा लावली. वीज फार वाचते म्हणे. तो येईल जाईल त्याला तिच्यासमोर उभं करून कौतुक सांगायचा.

अशाच एका फेरीत तळघरातल्या पंपाच्या मोटरीवर तिने कांडी टेकवली आणि पडद्याकडे बघत उभीच राहिली. बेअरिंगमध्ये एक बारीक, उंच सूर उठत होता. वंगणाचा नाही, बसवण्याचा नाही. नव्या यंत्रणेतून विजेचा थोडा अंश मोटरीच्या दांड्यात उतरत होता आणि बेअरिंगमधून वाट काढून जमिनीत जात होता. जाताना गोळ्यांच्या वाटेवर ठिणगीठिणगीने चरे पाडत होता. उपाय सोपा होता: वीज अडवणारं बेअरिंग बसवायचं आणि दांड्यावर एक ब्रश लावून तिला दुसरी वाट करून द्यायची. आणि हेही तिला दिसत होतं की काहीच केलं नाही तर ग्रीस काळं पडेल, बेअरिंग जाईल आणि उघडून बघणारा पटकन एकच म्हणेल. वंगण. मोटरींचं वंगण मामांच्या खात्याकडे.

तिने नोंदवहीत त्या मोटरीपुढे "ठीक" असं लिहिलं आणि पुढे गेली.

एक गोष्ट तिने केली. आवाज फार आहे, कानाला बरं नाही, असं कारण सांगून तिने पंपाच्या खोलीला कुलूप लावून घेतलं. पंप चालू असताना आत कुणी जायचं नाही. आपल्या सुडात कुणी भाजून निघू नये एवढी काळजी तिने घेतली आणि एवढ्यावर आपण मामांपेक्षा बऱ्या आहोत असं तिला वाटलं. मग ती रोज बाहेरून जायची. सूर वाढत होता. दाराबाहेर उभं राहिलं तरी ऐकू येऊ लागला, लांब कुठेतरी कुत्रं रडावं तसा. तिला शांत झोप लागायची.

मोटर गेली ती सकाळी, मालक गिरणी बघायला आलेले असताना. पंप थांबला, मशीनवरचा कागद फाटला, फाटत फाटत रुळांवर गोळा झाला. कुणाला काही इजा झाली नाही. संध्याकाळपर्यंत गिरणी बंद राहिली आणि मालकांनी मॅनेजरला सगळ्यांदेखत सुनावलं.

बेअरिंग मामांनी स्वतः उघडलं. डिझेलमध्ये धुतलं, फडक्याने पुसलं आणि कडं खिडकीशी नेऊन बघितलं. डॉक्टरीण टेबलाच्या पलीकडे उभी होती. कड्याच्या आत पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या रेघा होत्या, एकसारख्या, कुणी मोजून काढाव्यात तशा. वंगण नसल्याने अशा रेघा पडत नाहीत हे तिला माहीत होतं. मामांना माहीत असेल की नाही, एवढंच तिला माहीत नव्हतं. मामांनी बराच वेळ बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि कडं उपडं ठेवून हात पुसले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या खोलीत बैठक बसली. मॅनेजरने तिला विचारलं की कारण काय. ती म्हणाली, "वंगण कमी पडलं. देखभाल खात्याचं लक्ष नव्हतं."

मॅनेजरच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी झालं. त्याची नवी यंत्रणा यातून सहीसलामत बाहेर पडत होती, मग जास्त खोदून विचारायची त्याला काय गरज? सगळे मामांकडे वळले. या क्षणाची तिने इतकी वर्षं तयारी केली होती. ते ओरडतील, रेघा दाखवतील, शपथा घेतील. प्रत्येकाला तिच्याकडे उत्तर होतं.

मामा म्हणाले, "असेल."

त्यांनी एवढंच म्हटलं. मॅनेजरने त्यांना फार ताणलं नाही. निवृत्तीपर्यंत घरीच थांबा म्हणाला. कार्यशाळेवर दुसरा माणूस बसला. निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. ज्या फिटरांना मामांनी हात धरून पाना पकडायला शिकवलं, ते दुपारी कँटीनमध्ये म्हणाले, वस्तादांचं वय झालं होतं, कधीतरी हे व्हायचंच.

डॉक्टरणीला हवं होतं ते सगळं झालं होतं आणि तिला काही मिळालं नव्हतं. तिला त्यांचं ओरडणं ऐकायचं होतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी ती मामांच्या घरी गेली. मामीने दार उघडलं आणि तिला बघून बाजूला झाली. मामा मागच्या खोलीत जमिनीवर बसून जुनं घड्याळ साफ करत होते. समोर वर्तमानपत्रावर चाकं मांडलेली. तिने दार लोटून घेतलं.

"मामा, ते वंगण नव्हतं," ती म्हणाली.

"वीज होती. रेघा बघितल्या मी."

"मग बोलला का नाहीत?"

मामांनी एक चाक फुंकून खाली ठेवलं. "तू लिहिलंस 'ठीक'. तुझं मोजणं चुकत नाही, तुला मीच शिकवलंय. म्हणजे तू जाणूनबुजून लिहिलंस. मग मी बोलायचं काय राहिलं?"

ती म्हणाली की रुळाचं बेअरिंग साधं होतं हे तिला कॉलेजापासून माहीत आहे. मामांनी मान हलवली. हळूहळू, चाकांकडे बघत, त्यांनी सगळं सांगितलं. योग्य बेअरिंग यायला वेळ होता, साहेब डोक्यावर बसले होते. नवीन फोरमन झालेलो, नाही म्हणायची छाती झाली नाही. आठवडाभर निघेल असं वाटलं. दाजींनी सांगितलं तेव्हाच मशीन थांबवायला हवं होतं. मग तो माणूस भाजला आणि तोंडातून जे निघालं ते निघालं. एकदा निघाल्यावर परत कसं घ्यायचं ते कळलं नाही. रोज वाटायचं उद्या सांगू.

ती म्हणाली, "तुम्ही माझ्या बाबांना घरातल्या घरात मारलंत. आईला येऊन सांगा. बाबांच्या समोर."

"सांगतो. आणि तू गिरणीत खरं कधी सांगणार?"

"तुम्ही जितकी वर्षं घेतलीत," ती म्हणाली, "तितकीच मीही घेईन."

मामांनी वर बघितलं. रागावले नाहीत. चपला कुठे ठेवल्यात ते मामीला विचारलं आणि तिच्याबरोबर निघाले.

घरी आई भावाला बघून लगबगीने चहा टाकायला उठली. गिरणीत त्याच्यावर आलेलं बालंट तिला कळलं होतं आणि या खेपेलाही तिचा त्याच्यावरच विश्वास होता. कुणीतरी त्याच्या वाईटावर आहे, असं ती चुलीजवळून म्हणत होती. बाबा बाहेरच्या खोलीत खाटेवर होते. मामा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. आईने कप आणून समोर ठेवला आणि मग मामांनी, तिच्याकडे न बघता, सांगून टाकलं. बेअरिंग चुकीचं होतं, ते मला माहीत होतं, दाजींचं तेल चालू होतं, मी खोटं बोललो.

आई पुढे झाली आणि मामांनी तोंड न लावलेला कप उचलून घेऊन गेली. मोरीत चहा ओतल्याचा आवाज आला.

बाबा खाटेवर सरळ झाले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मेहुण्याकडे वाकून अगदी शांतपणे, एखाद्या नवशिक्याला समजवावं तसं म्हणाले, "वंगणाकडे लक्ष हवं रे माणसाचं."

मामांनी हात जोडले. बाबांनी तिकडे बघितलंच नाही, ते लेकीकडे बघून हसत होते. ते हसू तिने लहानपणापासून बघितलं नव्हतं आणि आता बघितल्यावर तिला ते बघवेना.

मामा गेल्यावर बाबांनी तिला जवळ बसवून घेतलं. गिरणीत नेमकं कसं झालं ते त्यांना हवं होतं. बैठकीत कोण कुठे बसलं होतं? मॅनेजर काय म्हणाला? आणि हा? याचा चेहरा कसा झाला? तिने सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "असेल, एवढंच म्हणाला?" असं म्हणून मांडीवर थाप मारायचे. सुंभ जळाला तरी पीळ गेला नव्हता. त्यांचं जेवण वाढलं, रंग सुधारला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते गोष्ट ऐकवू लागले, ज्याला गिरणी कुठल्या दिशेला आहे तेही माहीत नव्हतं त्यालासुद्धा.

मामा येऊन गेले त्या रात्री आईने दोन ताटं वाढली आणि आपलं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत आली. बाबांनी तिला बसू दिलं. ती नीट बसल्यावर ते उठले, भूक नाही म्हणाले, आणि बाहेर जाऊन उभे राहिले. असं रोज होऊ लागलं. ती बसली की ते उठायचे. ती बोलली की ते लेकीला म्हणायचे, काहीतरी आवाज येतोय का गं? आईने तक्रार केली नाही. तिने भावाकडे जाणं सोडलं, पण नवऱ्याची माफीही तिला मागता येईना. एकदा कपडे वाळत घालताना ती लेकीला म्हणाली, "मोटरीचं तुला आधी माहीत होतं ना?"

डॉक्टरीण हो म्हणाली.

"माझ्या भावाचंच रक्त आहे तुझ्यात," आई म्हणाली आणि पुढचा कपडा झटकला. "मला वाटायचं, तू बाबांवर गेलीस."

ते तिला लागलं, पण तिने आपला हेका सोडला नाही. गिरणीत तिने तळघरातल्या मोटरीला वीज अडवणारं बेअरिंग मागवून घेतलं, दांड्याला ब्रश लावला. मॅनेजरने विचारलं, दुखणं वंगणाचं होतं तर हे कशाला? ती म्हणाली, खबरदारी. त्याला खरं नको होतं, त्याने सही केली. मोटर छान चालू लागली. पण बाकीच्या मोटरींवरही तीच यंत्रणा होती आणि त्यांच्यासाठी मागणी केली असती तर कुणीतरी दोन आणि दोन चार केले असते. ती थांबली. लागेल तेव्हा बघू, असं तिने ठरवलं.

पुढच्याच वर्षी ती आजारी पडली आणि काही आठवडे घरी राहिली. तेवढ्यात दुसऱ्या पंपाची मोटर गेली. या खेपेला खोलीला कुलूप नव्हतं. नवा फोरमन, मामांनंतर देखभाल खातं बघणारा, आवाज कसला म्हणून आत गेला होता आणि पट्टा तुटून त्याच्या हातावर बसला. हाड मोडलं. ती कामावर परतली तेव्हा तो गळ्यात हात अडकवून मॅनेजरच्या खोलीत उभा होता आणि मॅनेजर त्याला विचारत होता की ग्रीस वेळेवर घातलं होतं का. फोरमन पुन्हा पुन्हा सांगत होता, घातलं होतं साहेब, मी स्वतः घातलं. आवाज चढत चालला होता. जितका चढत होता तितका तो खोटा वाटत होता.

डॉक्टरीण दारातच थांबली. तो आवाज तिने आधी ऐकला होता.

ती आत गेली आणि म्हणाली, "वंगणाचं नाव घेऊ नका. वीज उतरतेय, तुमच्या नव्या यंत्रणेतून."

मॅनेजरने विचारलं, आणि गेल्या वेळी?

"गेल्या वेळीही तेच होतं. मला माहीत होतं."

फोरमनने तिच्याकडे बघितलं, मग आपल्या प्लास्टरकडे, आणि बाहेर गेला. तो तिच्याशी नंतरही बोलला नाही. मॅनेजरने तिला काढलं नाही, कारण मग मालकांना सगळंच सांगावं लागलं असतं. पण तिचा हुद्दा गेला आणि तिच्या प्रत्येक नोंदीखाली दुसऱ्या कुणाची तरी सही लागू लागली. मामांवरचा ठपका निघाला. मॅनेजरने त्यांना बोलावणं पाठवलं, ते आले नाहीत.

ती स्वतः सांगायला गेली. मामा अंगणात झाडांना पाणी घालत होते. तिने फोरमनच्या हाताचंही सांगितलं. मामांनी पाण्याची झारी खाली ठेवली.

"कुठला हात?"

"उजवा."

त्यांनी तिला दोष दिला नाही आणि तिनेही त्यांना माफ केलं असं म्हटलं नाही. तसं तिला वाटतही नव्हतं. ती निघाली तेव्हा त्यांनी तिला दारापर्यंत सोडलं आणि विचारलं की राहिलेल्या मोटरी किती आहेत, त्यांना ब्रश कधी लागणार. तिने सांगितलं, उद्यापासून.

घरी बाबांना बातमी मुळीच आवडली नाही. इतक्यात कशाला, अजून थोडं भोगलं असतं त्याने, म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत तिच्याशी फुरंगटून राहिले. आईने फक्त फोरमनच्या घरी कोण कोण आहे ते विचारलं. मग तिने बाबांचं ताट बाहेर नेऊन ठेवलं, आपलं घेतलं आणि त्यांच्या समोर बसली. बाबा उठायला निघाले. आई म्हणाली, "बसा. आता पुरे." बाबा थोडा वेळ अर्धवट उठलेले तसेच राहिले, गुडघे दुखू लागले, मग बसले. बोलले नाहीत, पण जेवले.

डॉक्टरीण आत होती. तिने सकाळसाठी हत्यारं पिशवीत भरली, कांडी पुसून वर ठेवली आणि मोटरींच्या खोल्यांच्या किल्ल्या मोजून घेतल्या.